झोपून दुखत नाही, पण उठल्यावर काय?

आजींचं वय ७६, एक खुबा आधीच बदललेला आणि आता दुसऱ्याची पाळी. भूलपूर्व तपासणीत इको, शुगर सगळं झालं तरी त्या एकच विचारत होत्या, डॉक्टर, मागच्यासारखं नाही ना होणार? मागे दुखलं की मॉर्फिन द्यायचे, मग उलट्या, आणि रात्री त्या सुनेलाही ओळखेनात. त्यात यावेळी क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी थोडी कमी काम करत होती, त्यामुळे डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधंही बाद.

मग मी ठरवलं, स्पायनल म्हणजे पाठीच्या कण्यातली भूल द्यायची पण त्यात मॉर्फिन टाकायचं नाही, आणि सोबत पेंग (PENG) ब्लॉक, म्हणजे खुब्याच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन. ही पद्धत २०१८ मध्ये आली. खुब्याच्या सांध्याचं पुढचं आवरण दुखण्याला फार संवेदनशील असतं, तिथे फिमोरल आणि ऑब्च्युरेटर या मांडीच्या नसांच्या बारीक फांद्या जातात, सोनोग्राफीवर बघत सोआस या स्नायूच्या टेंडनखाली हाडालगत सुई नेऊन २० मिली बधिर करणारं औषध सोडलं की त्या फांद्या बधिर होतात पण मांडीची ताकद बहुतेक टिकते. मला हेच हवं असतं, कारण सरळ फिमोरल ब्लॉक दिला, म्हणजे ती मुख्य नसच बधिर केली, तर दुखणं थांबतं पण उभं राहताना गुडघा दगा देतो आणि नव्या खुब्यासकट पेशंट पडू शकतो. शेवटी सर्जनही आतून रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध टोचणार होते, त्यामुळे त्यांचा आणि माझा डोस एकत्र मोजला, किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत, आजी ५२ किलोच्या.

संध्याकाळी आजी म्हणाल्या अजिबात दुखत नाही. पण झोपलेल्या माणसाला विचारून काय कळणार! आधी गुडघा सरळ करायला लावला, ताकद नीट होती, मग फिजिओने वॉकरवर उभं केलं. चार पावलं टाकली आणि म्हणाल्या मागे कुल्ल्यात दुखतंय. सिस्टरना वाटलं ब्लॉक फेल गेला. तसं नव्हतं, सांध्याच्या मागच्या भागाला सायटिक या मागच्या नसेकडून येणाऱ्या वेगळ्या फांद्या जातात, तिथे पेंग पोचतच नाही. तिथे बर्फ लावला, आणि ब्लॉक उतरायची वाट न बघता दर ६ तासांनी १ ग्रॅम पॅरासिटामॉल चालू ठेवलं, रात्री झोपेतून उठवून सुद्धा.

सकाळी राउंडला गेले तर आजी पूर्ण भानावर, सुनेला हाका मारत होत्या, मॉर्फिन एकदाही लागलं नव्हतं. केसपेपरवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, पेन स्कोर (दुखण्याचे गुण) पेशंटला चालवताना घ्यावा.