आठ महिन्यांनी काढलेला फॉर्म

आई जाऊन ८ महिने झाले. तिच्या बँक खात्याचा क्लेम फॉर्म तेव्हापासून कपाटात होता. ‘रविवारी बघू’ म्हणत किती रविवार गेले. आपण आळशी, असंच धरून चालले होते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल म्हणतात, चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात नाही, भावनांत असतं. नकोशी भावना टाळायला आपण काम टाळतो. लख्ख कळलं. मला फॉर्मचा कंटाळा नव्हता, ‘मयत खातेदार’ या रकान्यात आईचं नाव लिहवत नव्हतं.

आज २५ मिनिटांचा गजर लावला. ठरवलं, तेवढा एकच रकाना. रडले. मग पुढचे आपोआप भरत गेले. गजर वाजला तेव्हा सही करत होते. उद्या बँकेत. बाबांना येता का विचारलं, तर ते लगेच शर्टाला इस्त्री करायला बसले.