रस्ता वळवा, झुडूप राहू द्या

आयर्लंडमध्ये लिमरिकहून एनिसकडे जाताना लाटून नावाच्या जागी रस्त्यालगत कुंपणात एक झुडूप दिसतं. हॉथॉर्नचं. आपल्या बोरीसारखं काटेरी, वाऱ्याने एका अंगाला कललेलं, मुद्दाम गाडी थांबवून बघावं असं त्यात काही नाही. पण १९९९ मध्ये नवा रस्ता आखताना हे झुडूप आड आलं आणि एडी लेनिहान या इथल्या नावाजलेल्या कथेकऱ्यांनी जाहीर हरकत घेतली. मन्स्टर प्रांतातली ‘ती माणसं’ शेजारच्या कॉनॉक्ट प्रांतवाल्यांशी लढायला निघतात तेव्हा याच झुडपापाशी जमतात. ते तोडलंत तर या रस्त्यावर अपघात होतील, असं लेनिहान यांचं म्हणणं. बातमी थेट अमेरिकेतल्या पेपरांत गेली. शेवटी इंजिनियरांनी कामात झुडपाला जागा करून दिली आणि ते राहिलं. २००२ मध्ये कुणीतरी रात्रीतून करवत चालवून त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या. बुंधा वाचला होता, त्याला परत धुमारे फुटले.

‘ती माणसं’ म्हणजे इथले फेअरी. पण पंख, जादूची छडी, चमचमता फ्रॉक हे सगळं डोक्यातून काढून टाका. डब्लिनच्या दुकानांत हिरवी टोपी घातलेला लाल दाढीचा लेप्रेकॉन मिळतो तो पर्यटकांसाठी. खेड्यातला माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या गोष्टींतले फेअरी चांगले माणसाएवढे असतात, गाईगुरं पाळतात, हर्लिंग खेळतात, आपापसांत मारामाऱ्या करतात आणि डूख धरतात. म्हातारी माणसं त्यांचं थेट नाव घेत नाहीत. ‘गुड पीपल’ म्हणतात, नाहीतर ‘दि अदर क्राउड’. उगाच कानावर गेलं आणि राग आला तर?

त्यांचा मुक्काम असतो फेअरी फोर्टमध्ये. आयर्लंडभर अशा चाळीस-पन्नास हजार जागा आहेत. पुरातत्त्ववाले सांगतात की या हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गढ्या: गोल मातीचा बांध, बाहेर चर, आत घर आणि गुरं. घरं केव्हाच गेली, बांध उरले. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात असा एक आहे. सगळं शेत हिरवंगार, एका पातळीत, आणि मध्येच झाडोऱ्याचं हे गोल बेट. बांधावर हॉथॉर्न आणि तसंच काटेरी ब्लॅकथॉर्न, पायथ्याला खाजकुयलीसारखी आग करणारं नेटल. ट्रॅक्टर त्याला वळसा घालून जातो, नांगराच्या रेघासुद्धा तिथे वाकलेल्या दिसतात. गाई खुशाल आत शिरून चरतात, त्यांना कुणी अडवत नाही. मी विचारलं, “तुमचा विश्वास आहे?” “छे!” म्हणाले. मग हा एवढा तुकडा साफ का नाही केलात? “माझ्या आजोबांनी नाही केला, बापाने नाही केला. मीच कशाला?” एवढं बोलून ते पावसावर घसरले. इथे कुठलाही नकोसा विषय पावसावर संपवता येतो, ही मोठी सोय आहे.

हे मी मालवणला आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच, “मगे थंयपण राखणदार आसा तर!” तिचं चुकत नाही, पण पुरतं जुळतही नाही. आमचा राखणदार गावाचा असतो. त्याला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, का, तर देव रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. इथल्या मंडळींनी असली कुठलीही जबाबदारी घेतलेली नाही. त्यांच्यासाठी दुधाचे दोन थेंब जमिनीवर सांडायची रीत होती, पण ती भक्ती नव्हे, शेजारधर्म. तुम्ही आमच्या वाटेला जाऊ नका, आम्ही तुमच्या येत नाही.

मालवणचा विषय निघालाच आहे तर: २०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्याच उन्हाळ्यात केरीचे खासदार डॅनी हीली-रे यांनी सांगून टाकलं की एका राष्ट्रीय रस्त्याला वारंवार खड्डा पडतो त्याचं कारण जवळचे फेअरी फोर्ट असावेत, आणि आपण उपाशी मरू पण फोर्ट पाडणार नाही. शहरी लोक पोट धरून हसले. वराडमधल्या कुणाला यात फारसं हसण्यासारखं दिसलं नसतं, असं मला वाटतं.

हसू येतं तरी एक गोष्ट मानावी लागते. या गढ्या इतक्या संख्येने उरल्या त्यात या भीतीचा वाटा मोठा आहे. आज कायदा आहे, नोंद असलेल्या जागेवर काही काम करायचं तर दोन महिने आधी सरकारला कळवावं लागतं. पण कायदा कालचा. त्याआधी कित्येक शतकं पहारा होता तो ‘बांध खणलास तर घरातलं कुणीतरी जाईल’ या वाक्याचा. जेसीबी आल्यावर मात्र बऱ्याच ठिकाणी वाक्य हरलं.

इथवर सगळं गोड आहे. पण याच श्रद्धेच्या पोटात बदलीचं माणूस ही कल्पना बसलेली आहे: ‘ती माणसं’ आपलं माणूस पळवतात आणि त्याच्या जागी हुबेहूब दिसणारं, आजारी, किरकिरं स्वतःचं काहीतरी ठेवून जातात. टिपरेरी परगण्यातल्या बॅलिव्हाडली गावात ब्रिजेट क्लिअरी राहायची. शिवणकाम करायची, स्वतःचं शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून वर चार पैसे कमवायची. १८९५ च्या मार्चमध्ये ती तापाने आजारी पडली. डॉक्टर येऊन गेला, पाद्री येऊन गेला. नवरा मायकेलचं मात्र एकच: ही माझी बायको नव्हेच. दुधात उकळलेल्या झाडपाल्याचे घोट तिला जबरदस्तीने पाजले, ‘तू ब्रिजेट आहेस का?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं. घरात तिचा बाप होता, नातेवाईक होते, शेजारी होते. शेवटी नवऱ्याने तिला चुलीपुढे जाळलं. मग जवळच्या फोर्टपाशी जाऊन थांबला, खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा भोगून सुटला. लोककथांच्या रम्य गप्पा रंगल्या की मला हे शिलाई मशीन आठवतं. स्वतः कमावणारी, नीटनेटकी राहणारी बाई बदललेली वाटायला आपल्याकडेही फार काही लागत नाही.

मूळ मजकूर वाचायचा असेल तर एक खजिना आहे. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या सुमारे पाच हजार शाळांमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं गेलं की घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून जे जे कळेल ते वहीत लिहून आणा. त्या वह्या आज ‘दूखस’ नावाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. सुबक शाळकरी अक्षरात भुताखेतांच्या शेजारीच गावठी औषधं आणि लोणी लवकर येण्याचे तोडगे. शेजाऱ्याची भरभराट खुपली म्हणून त्याच्या गवताच्या गंजीत लपवलेली अंडी हा तर आपल्या करणीचाच प्रकार. मी एक पान वाचायला बसते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

आणि कुणी ऑक्टोबरअखेर इकडे येणार असाल तर मेयो परगण्यातल्या टरलॉ पार्कच्या संग्रहालयाची वाट वाकडी करा. ३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे साउनला, ‘ती माणसं’ मोकाट फिरतात म्हणून पूर्वी इथे सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. लाल भोपळा हे पुढचं अमेरिकेतलं प्रकरण. या संग्रहालयात अशा एका सलगमाचा प्लॅस्टरमधला साचा ठेवलाय. सुरकुतलेला, खोल डोळ्यांचा, दात विचकलेला. भोपळा त्याच्यापुढे अगदीच गरीब. लहान मुलं बरोबर असतील तर आधी कॅफेत खाऊन घ्या. प्रवेश फुकट आहे.