कंकणासाठी डोंगर चढू नका

सरळच सांगतो. हिवाळ्यात सकाळच्या सूर्याचे फोटो काढायचे असतील तर घाटमाथ्यावर मुक्काम करू नका. २६ डिसेंबर २०१९ च्या कंकणाकृती सूर्यग्रहणाला (चंद्राभोवती सूर्याची बांगडी उरते ते) आम्ही नेमकं तेच केलं. 'जितकं उंच तितकं आकाश स्वच्छ' हे अनुभवी मंडळींचं वाक्य प्रमाण मानलं आणि केरळातल्या वायनाडमध्ये, मानंतवाडीजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात खोली घेतली. जागा कंकणाच्या पट्ट्यात (बांगडी दिसते त्या भागात), गर्दी नाही, नकाशावर सगळं झकास. पहाटे पावणेतीनला दार उघडलं तर अंगणातला दिवा दिसेना. पाऊस लागल्यासारखं झाडांवरून दव टपटपत होतं.

ते वाक्य धुक्याच्या वर डोकं काढणाऱ्या शिखरांना लागू पडतं. वायनाड हे सातशे-आठशे मीटरवरचं पठार, भोवती डोंगर. रात्रीची थंड हवा ताटात आमटी साचावी तशी साचून राहते. नंतर कळलं की त्या सकाळी वायनाडमधल्याच कल्पेट्ट्याला जमलेल्यांनी ढगच पाहिले.

मी आणि मावसभाऊ, दोघांनी ठरवलं, किनारा गाठायचा. मळ्यावरच्या माणसाने जीप मिळवून दिली. आदल्या संध्याकाळी तीन हजार सांगणारा चालक आता साडेसहा हजार म्हणाला. 'चेट्टा (दादा), जरा कमी करा' म्हटलं तर हसून त्याने धुक्याकडे बोट दाखवलं. दिले. अजून खुपतंय.

बॉइज टाउनवरून कोट्टियूरकडे उतरणारा पाल्चुरम घाट हा या प्रवासातला सगळ्यात वाईट तुकडा. अंतर थोडं, पण चढ-उतार अंगावर येणारा, रस्ता अरुंद, डांबर जागोजागी उखडलेलं, आणि वळणावर समोरून ट्रक आला की कोणीतरी मागे घ्यायचं. आम्ही मागे घेतली, दोनदा, धुक्यात, मागचं चाक दरीच्या अंगाला. कसाऱ्याच्या सवयीने 'घाटच ना' म्हणत असाल तर विसरा. अंधारात हा घाट उतरू नका. त्या दिवशी दुसरा पर्याय नव्हता म्हणून उतरलो, पुन्हा उतरणार नाही.

साडेसातला मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्यावर होतो. कण्णूर आणि तलश्शेरीच्या मधला हा किनारा, इथे वाळूवरून गाडी चालवता येते. पट्ट्याच्या मध्यरेषेवर नाही, पण पट्ट्यात आहे आणि तेवढं पुरतं. माडांची रांग पूर्वेला आणि आठच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर, त्यामुळे पार पाण्याकाठी उभं राहावं लागतं. ग्रहण म्हणजे अमावास्या आणि अमावास्या म्हणजे उधाण, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, तरी आम्ही विसरलोच. तासाभरात ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत रुतू लागले. पायांखाली प्लायवुडचे तुकडे किंवा चक्क बश्या ठेवा.

आता सूर्याचा फिल्टर. माझा पुठ्ठ्याचा, घरी केलेला, त्यावर ५ घनतेची फिल्म (आकडा मोठा तितका प्रकाश कमी). रात्रीच्या दवाने पुठ्ठा फुगून सैल झाला होता. पावणेनऊला खारा वारा सुटला आणि फिल्टर ६०० मिमीच्या लेन्सवरून निघून वाळूत पडला. लेन्स उघडी, थेट सूर्याकडे. मी तेवढ्यात घड्याळ बघत होतो म्हणून डोळा वाचला. भावाने कॅमेरा झटक्यात खाली वळवला. फिल्म मोबाइलच्या दिव्यासमोर धरली तर टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र लुकलुकत होतं. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ते बुजवलं आणि त्याच पट्टीने फिल्टर चहूबाजूंनी लेन्सला बांधला. हे घरूनच करून जा. आणखी एक, ३.८ घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावणार असाल तर ५ च घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

फोकससाठी सूर्यावर एखादा ठळक डाग शोधत बसू नका, त्या वर्षी असे डाग क्वचितच होते. चंद्राची कड सूर्यावर आली की त्या धारेवर फोकस करा, लेन्सच्या फोकस-रिंगला चिकटपट्टी लावा आणि हात काढून घ्या. आयएसओ १००, एफ ८, १/८०० सेकंदापासून सुरू करा आणि मागेपुढे करून बघा. कंकणाच्या वेळी एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट प्रकाश) द्या, कारण सूर्याची कड मध्यापेक्षा मंद असते. साध्या ट्रायपॉडवर सूर्य दोन मिनिटांत स्वतःएवढा सरकतो, त्यामुळे मधूनमधून चौकट नीट करावी लागते.

आणि मग साडेनऊच्या आत कंकण जुळलं. तीन मिनिटांच्या आसपास. जुळताना कडेवर मणी फुटल्यासारखे ठिपके, मग अखंड बांगडी. माझे अर्धेअधिक फोटो हललेले आहेत, कारण मी ओरडत होतो. फिल्टर तेव्हाही काढायचा नसतो, हे सुदैवाने आठवलं. तो फक्त खग्रासला काढतात.

पुढचे दोन दिवस कण्णूरला, किल्ला वगैरे. छान होते.

२१ मे २०३१ ला पुन्हा केरळ-तामिळनाडूत कंकण आहे, दुपारी एकच्या सुमारास, मध्यरेषेजवळ पाच मिनिटांच्या वर. सूर्य जवळपास डोक्यावर असेल. लांब लेन्स इतकी उभी करायला बहुतेक ट्रायपॉडची मुंडी नकार देते आणि व्ह्यूफाइंडरखाली मान वाकवता येत नाही, म्हणून फिरणारा स्क्रीन हवाच. मेअखेरीस केरळात वळवाचे ढग असतात. माझं मत, इडुक्कीच्या डोंगरांत अडकू नका, मदुराईच्या बाजूला जा. जीप लागलीच तर भाडं आदल्या दिवशी ठरवा आणि अर्धे पैसे तेव्हाच हातावर ठेवा.