उतारावरच्या बागेत आधी पावसाचा विचार

भूमध्यसागरी हवामानातल्या बागांविषयी बोलणे निघाले की चर्चा लगेच उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईकडे वळते. ते स्वाभाविकही आहे, कारण भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतील केप आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया या पाचही ठिकाणी उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो आणि वर्षातला बहुतेक पाऊस हिवाळ्यातच पडतो. मात्र घर डोंगरउतारावर असेल, तर बागेचा आराखडा या हिवाळी पावसापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. टंचाईत झाड वाळले तर त्याच्या जागी दुसरे लावता येते. उतार घसरला तर झाडाबरोबर माती, पायवाट आणि प्रसंगी घराचा पायाही धोक्यात येतो.

हिशेबाची सुरुवात छपरापासून करावी. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी तयार होते, आणि पन्हळीचे तोंड उताराकडे मोकळे सोडलेले असेल तर ते सगळे एकाच जागी कोसळून ओघळ पाडते. हे पाणी बंद नळीतून खाली नेऊन दगड पसरलेल्या जागी शांतपणे सोडावे, किंवा टाकीत साठवावे. सपाट बागेत पाणी जिरवण्यासाठी खणतात तसे समतल चर तीव्र उतारावर सरसकट खणू नयेत. मुरलेल्या पाण्याने माती जड होते, तिची पकड सुटते आणि आपणच दरडीला निमंत्रण देतो.

त्यानंतर भिंतींचा विचार. सपाट अंगणाच्या हौसेपायी एकच उंच काँक्रीटची भिंत उभारण्याचा मोह अनेकांना होतो. मला ती दिसायलाही आवडत नाही आणि तिच्यामागे साचणाऱ्या पाण्याचा दाब हे तर तिचे मोठेच दुखणे आहे. एका उंच भिंतीऐवजी तीन-चार बुटके टप्पे केले तर प्रत्येक भिंतीवरचा भार कमी होतो आणि लागवडीला जागाही जास्त मिळते. फक्त त्या एकमेकींपासून पुरेशा दूर हव्यात, नाहीतर वरच्या भिंतीचा भार खालचीवरच येतो. चुना-सिमेंट न वापरता रचलेले दगडी गडगे भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशात शतकानुशतके टिकले, त्याचे एक कारण असे की त्यांच्या फटींतून पाणी आपोआप निसटते आणि त्यांचा कल डोंगराकडे ठेवलेला असतो. युनेस्कोने २०१८ मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात समाविष्ट केली, तेव्हा क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या आठ देशांचा तो एकत्रित प्रस्ताव होता. पण गडग्यालाही डागडुजी लागते. इटलीतील चिंक्वे तेर्रे येथे शेती सुटली तशी टप्प्यांची देखभालही सुटली, आणि ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावे चिखलाने भरून गेली. भिंत काँक्रीटची बांधायचीच असेल, तर तिच्यामागे खडीचा थर, तळाशी सच्छिद्र नळी आणि अंगात पाणी बाहेर पडण्याची छिद्रे हवीतच, आणि उंची डोक्याएवढी होणार असेल तर अभियंत्याशिवाय काम सुरू करू नये.

लागवड शरद ऋतूत करावी, म्हणजे पहिल्या पावसापासून मुळांना वाढायला पूर्ण हिवाळा मिळतो. प्रत्येक रोपाला खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती आळे करावे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार तापतो, तिथे रोझमेरी, लॅव्हेंडर, सिस्टस आणि ऑलिव्ह शोभतात; चिली, केप किंवा ऑस्ट्रेलियात ही दिशा नेमकी उलटी होते. थंड हवा रात्री खाली उतरून पायथ्याशी साचते, म्हणून लिंबूवर्गीय झाडांना मधला उतार मानवतो. माती धरून ठेवण्यासाठी आइस प्लांट ही मांसल पानांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती लावण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्याची मुळे उथळ असतात आणि पाण्याने फुगलेल्या पानांचे वजन उलट उतारावरच पडते. खोल मुळांची झुडपे आणि पसरणारी बुटकी रोपे यांची सरमिसळ अधिक भरवशाची ठरते. हिरवळीविषयी एवढेच म्हणेन की उतारावर ती पाजणे आणि कापणे या दोन्ही शिक्षाच आहेत.

ठिबकची नळी उताराला आडवी टाकावी. दहा मीटर उंचीच्या फरकाने दाब साधारण एक बारने बदलतो, त्यामुळे साध्या ड्रिपरमधून वरची रोपे कोरडी राहतात आणि खालची चिखलात उभी राहतात. दाब-नियंत्रित ड्रिपर घेतले की हा प्रश्न बराचसा सुटतो. पाणी थोडे सोडून, थांबून, मुरू देऊन पुन्हा सोडावे. सिॲनोथससारख्या झुडपांना मात्र रुजल्यानंतर उन्हाळी पाणी जवळजवळ देऊच नये, कारण उबदार ओल्या मातीत त्यांची मुळे कुजतात.

शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग वणव्याचा आहे, कारण आग चढावर वेगाने सरकते. कॅलिफोर्नियात घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळकी आणि दाट वाढ विरळ करावी लागते, तर झुडपांमधले अंतर सपाटीवर त्यांच्या उंचीच्या दुप्पट आणि ४० टक्क्यांहून तीव्र उतारावर सहापट ठेवावे, असे तेथील अग्निशमन विभाग सांगतो. उलट उतार म्हणतो की माती उघडी टाकू नका. डिसेंबर २०१७ मधल्या थॉमस नावाच्या वणव्याने कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो गावावरचे डोंगर उघडे पडले आणि ९ जानेवारी २०१८ च्या पावसात तिथून आलेल्या दगड-चिखलाच्या लोंढ्यात वीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून विरळणी करताना झुडूप उपटू नये. ते जमिनीलगत कापून मुळे मातीतच ठेवावीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत बुटकी, कमी तेलकट रोपे लावावीत. घराच्या भिंतीलगतच्या पहिल्या पाच फुटांत मात्र काहीही न लावता तिथे फक्त खडी किंवा फरशी ठेवावी.