आई – ६० – बाकी

रविवार, रात्री

साठ रुपये. दुपारपासून डोक्यातून जात नाहीयेत.

सकाळी मंडईत मेथीच्या दोन जुड्या आणि कोथिंबीर घेतली आणि नेमकी तेव्हाच फोनने मान टाकली. पाकिटात रुपया नाही. हल्ली असतोच कुठे. मावशी म्हणाल्या, "द्या हो नंतर." तेवढ्यात चिरंजीवांनी खिशात हात घातला. आधी चिकटपट्टी लावलेली विसाची नोट पुढे केली. मावशींनी ती उलटसुलट बघून परत केली, मग दुसरी दिली. मला काय भरून आलं म्हणून सांगू! घरी येईपर्यंत हे कोणाकोणाला सांगायचं ते ठरवूनही झालं होतं.

दुपारी त्याच्या टेबलावरचा पसारा आवरताना वही उघडी दिसली. शेवटचं पान. वडापाव २०. पेन १०. आई – ६० – बाकी.

बाकी!

हिशेब लिहायला मीच शिकवलंय. दर १ तारखेला पॉकेटमनी हातावर ठेवताना तेच कीर्तन. मग लिहिलं तर झोंबावं का? चौदा वर्षांत मी काही लिहून ठेवलं का? डबे, क्लास, गेल्या वर्षीचं ते सगळं... जाऊ दे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "व्याज नाही ना लावलं?" याच्याशी बोलण्यात अर्थच नाही.

आमच्या आईकडे पोस्टाच्या एजंट काकू यायच्या. आरडी तेव्हा महिना १० रुपयांपासून निघायची, आता किमान १०० लागतात. पाच वर्षं, ६० हप्ते. काकू दारातच उभ्या, आई डाळीच्या डब्यात हात घालून पैसे काढणार. एखाद्या महिन्यात कमी पडले की माझा गल्ला. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेला, मातीचा. फोडायचा नाही म्हणून उलटा धरून, केसांतला आकडा फटीत घालून एकेक नाणं काढायची. परत टाकायची का? मी कधी विचारलं नाही. पण किती गेले ते मला माहीत असायचं. नेमकं. एकदा अकरा रुपये. अजून लक्षात आहेत. म्हणजे माझ्याकडे वही नव्हती, एवढंच.

संध्याकाळी कपाटातल्या साड्यांच्या घडीतून शंभराची नोट काढली. (२०१६ च्या नोव्हेंबरनंतर ही खोड खरं तर जायला हवी होती.) त्याच्यापुढे ठेवली, जरा आपटूनच. वाटलं, म्हणेल, "राहू दे गं आई."

त्याने नोट उजेडात धरून पाहिली. ड्रॉवर उघडला, चाळीस परत दिले आणि वहीतल्या 'बाकी'वर काट मारली.

"झालं," म्हणाला.

स्वयंपाकघरात येऊन पाहिलं. विसाच्या दोन नोटा. वरची कोरी, खालची चिकटपट्टीवाली. अशी नोट कुठल्याही बँकेत बदलून मिळते, हे त्याला मीच सांगितलंय. पण घरात आई असताना तो बँकेत कशाला जाईल?

बरं, बोलायचीही सोय नाही. १ तारखेला पॉकेटमनी देताना ती नोट मधोमध सरकवून मीच खपवली होती.