भांगाच्या दिवशी होडी पाण्यात

शेवटी आज आमची होडी कर्ली खाडीत उतरली. बारा फूट, फणसाच्या फळ्या, दोन पावसाळे पडवीत काम. मुद्दाम अष्टमी निवडली. पुनवेला-अवसेला उधाण असतं, देवबागला खाडी समुद्राला मिळते, त्या मुखाकडे ओहोटीचं पाणी ओढून नेतं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी मंद, ओढ कमी. नवशिक्याला तेवढंच बरं.

ढकलली आणि पाच मिनिटांत घोट्यापर्यंत पाणी! सगळ्या सांध्यांतून झिरपत होतं. मी घाबरून डबड्याने उपसतोय, आणि काठावरचे शेजारचे काका शांतपणे विडी ओढत म्हणाले, "तिका पाणी पिऊक दी, मगे आपसूक गप रवतली." सुकलेलं लाकूड भिजून फुगतं, फळ्या एकमेकींना आवळतात, हे मला माहीत होतं. पण पाय बुडत असताना ते आठवत नाही हो.

मग होडी काठाला तशीच अर्धी बुडवून ठेवली. घरी जाऊन पेज जेवलो, बायकोचे टोमणे ऐकले ("पाणबुडी केलीस काय?").

चार वाजता उपसून पुन्हा उतरवली. एका कोपऱ्यात थेंबथेंब, बाकी कोरडी! उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ते तरंगतं लाकूड) अजून लावलेली नाही, त्यामुळे जरा कुशीवर झुकलं की डुगडुगते. डावं वल्हं बहुतेक मी आखूड कापलंय, सारखी खारफुटीकडेच वळत होती. दोनदा चिखलात रुतलो.

तळहाताला तीन फोड आलेत. उद्या परत जाणार.