गोरखाच्या उतारावर बिगारीकाम: सोलापूरहून नेपाळमध्ये घरं बांधायला जाताना

दगडमातीचं घर भूकंपात काय करतं, हे सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हलली, तो धक्का आपल्यालाही जाणवला होता. तीव्रता ६.२ च्या आसपास. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला झालेला भूकंप ७.८ चा. त्या मानाने किल्लारीचा बराच लहान, तरी हजारो माणसं गेली. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा आणि मध्ये चुरा-माती भरलेली. वर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोट काढते आणि माळवद खाली येतं.

गोरखा जिल्ह्यात बारपाककडच्या डोंगरात गेलं की तीच भिंत पुन्हा भेटते. फरक इतकाच, की वर माळवदाऐवजी पाटीच्या दगडाचं किंवा पत्र्याचं छप्पर असतं. म्हणून आमचा सोलापूरचा गट घरं बांधायला तिकडे जातो. कोणाला जायचं असेल तर कामाला येईल असं सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

जाण्याचा रस्ता सोपा आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सोनौली. सीमा पायी ओलांडली की पलीकडे भैरहवा, आणि तिथून नारायणगढ–मुग्लिनच्या रस्त्याने गोरखा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र खिशात हवं. नुसत्या आधारवर विसंबू नका. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त न्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा आणि शनिवारी काम बंद हे धरून दिवस मोजा. दसैं-तिहारमध्ये, म्हणजे तिकडच्या दसरा-दिवाळीत, गवंडी मिळत नाही, पावसाळ्यात रस्ता मिळत नाही. तिहार उरकल्यानंतरचे तीन आठवडे सगळ्यात चांगले.

सामानात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची चिठ्ठी, टाच झाकणारे जाड तळाचे बूट आणि हातमोज्यांचे दोन जोड: दगडासाठी चामड्याचे, सिमेंटसाठी रबराचे. सुती मोजे घालून काँक्रीट कालवलं तर ओलं सिमेंट कातडीला चिकटून राहतं आणि संध्याकाळपर्यंत बोटं सोलून निघतात. डोंगरात रात्री थंडी असते, सोलापुरी चादर दुहेरी करून पुरते. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी न्या, पंधरा दिवस काही होत नाही. तिकडचं जेवण सकाळी दहाच्या सुमारास दालभात, दुपारी खाजा (हलका फराळ), मग रात्री पुन्हा दालभात. त्यामुळे अवजड काम सकाळच्या जेवणाआधीच उरकतं.

आता मुख्य गोष्ट. आपण तिथे बिगारी म्हणून जातो, गवंडी म्हणून नाही. दहा-बारा दिवसांत दगड लावता येत नाही आणि लावूही नये. दगड डकर्मी, म्हणजे तिकडचा गवंडी, लावतो. आपण माती मळायची, वाळू चाळायची, डोक्याला नाम्ला (कपाळपट्टा) लावून डोको (पाठीवरची टोपली) वाहायचा, सळई वाकवायची, काँक्रीट घमेल्याने पोचवायचं. घरातली माणसंही बरोबरीने राबतात, आणि तसंच व्हायला हवं, कारण पुढची चाळीस वर्षं त्या भिंतीची डागडुजी त्यांनाच करायची आहे. हौशीने रचलेली एक वार भिंत डकर्मीला दुसऱ्या दिवशी उतरवावी लागते. मग मदत राहते बाजूला आणि त्याची दीड दिवसाची मजुरी बुडते. त्याला ‘दाइ’ म्हणा, घरातल्या बाईला ‘दिदी’, आणि बोलताना ‘तपाईं’. ‘तिमी’ आपल्या कानाला गोड लागतं, पण अनोळखी वडीलधाऱ्यांना ते चालत नाही.

घर लहानच असतं: बाहेरून २० बाय १२ फूट, मध्ये एक आडवी भिंत, भिंती दीड फुटी, वर जस्ताचा पत्रा. जागा पाहताना उतार कापलेला कुठे आणि भर टाकलेली कुठे, हे आधी विचारा. अर्धं घर कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भरावावर आलं, तर भराव बसतो आणि नेमकं त्या रेषेवर घर फाटतं. आपल्याकडे काळी माती उकरून मुरूम लागेपर्यंत खणतात, तीच बुद्धी इथे चालवायची. आखणीत काटकोनाला ३-४-५ मापाच्या त्रिकोणाची दोरी आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजणं. कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक निघाला तर खुंट्या पुन्हा ठोका.

भिंत एका दिवसात दोन फुटांपेक्षा वर चढवत नाहीत. मातीचा सांधा ओला असताना वरचं वजन वाढलं की खालचे दगड सरकतात. दर दोन फूट उंचीला आणि लांबीत दर चार फुटांवर एक आरपार दगड हवा, म्हणजे भिंतीच्या दोन्ही तोंडांना दिसणारा. दीड फूट लांबीचे दगड ढिगात कमीच असतात. म्हणून पहिल्या दिवशी बिगाऱ्यांनी तेच शोधून, चुन्याची खूण करून वेगळे ठेवायचे. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मला विचाराल तर पाहुण्यांच्या हातून होणारं सगळ्यात मोलाचं काम हेच. किल्लारीच्या भिंतींत हा दगडच नव्हता. दगड कमी पडले तर ६ बाय ६ इंचांचे, भिंतीइतक्या लांबीचे काँक्रीटचे ठोकळे आत एक सळई घालून आधी ओतून ठेवतात.

कोपऱ्यातली उभी सळई पायापासून छपरापर्यंत जाते. दगडमातीत ती नुसती गाडली तर गंजते आणि भिंतीला धरतही नाही. म्हणून तिच्याभोवती तीन इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटांचा तुकडा उभा करतात. भिंत त्या पाइपाला धरून चढवायची. दीड फूट चढली की पाइप हलक्या हाताने फिरवत वर ओढायचा आणि राहिलेल्या भोकात पातळसर काँक्रीट ओतून दुसऱ्या सळईने कोचायचं. पाइप फिरवायला विसरलं तर तो मातीत अडकतो. मग कोणीतरी हातोडी मारतो आणि अख्खा कोपरा हलतो. दर अर्ध्या तासाने पाइपाला एक पीळ द्यायचा, एवढंच एका माणसाचं काम ठेवा.

खरी जान पट्ट्यांत, म्हणजे सगळ्या भिंतींवरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या आडव्या थरांत. तिकडे ‘बन्धन’ म्हणतात: जोत्यावर, खिडकीखाली, लिंटेलला (दार-खिडकीच्या माथ्याला) आणि भिंतीच्या माथ्यावर. २०१५ नंतर नेपाळ सरकारने घरामागे ३ लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले १ लाख ८७ हजार ५००, तीन हप्त्यांत दिले: ५० हजार, दीड लाख आणि १ लाख. तपासणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता नव्हता, त्यामुळे बन्धन हा शब्द गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे.

पट्टी तीन इंच जाड, भिंतीइतकी रुंद. आत १२ मिमीच्या दोन सळया आणि दर सहा इंचांवर ६ मिमीची आडवी कडी. या घराची पट्टी मधल्या भिंतीसह ६७ फूट भरते. काँक्रीट सुमारे २५ घनफूट, म्हणजे १ : १॥ : ३ च्या (सिमेंट : वाळू : खडी) मालाला सिमेंटच्या ६ गोण्या, वाळू ११ घनफूट, खडी २१. जोड धरून १२ मिमीच्या ४० फुटी सळया चार, कड्या साधारण १३५. हे एका पट्टीचं. सळईचा जोड तिच्या जाडीच्या ५० ते ६० पट, म्हणजे दोन ते सव्वादोन फूट, आणि तो कोपऱ्यावर कधीच नाही. सळई कोपऱ्यातून वळवून पुढे न्यायची आणि सरळ भागात जोडायची. कोपऱ्यावर दोन सळया नुसत्या टेकवून तारेने बांधल्या तर दिसायला चौकट पुरी दिसते, पण हादऱ्यात पहिली तिथेच उघडते.

कडीचं टोक नव्वद अंशांत वाकवलं की काम झालं, असं नव्या माणसाला वाटतं. तसं नाही. टोक आणखी आत, १३५ अंशांपर्यंत गेलं पाहिजे, म्हणजे काँक्रीटच्या पोटात शिरलं पाहिजे. नव्वदचं टोक वरचं काँक्रीट फुटलं की सरळ होतं आणि सळई सोडून देतं. हा हात बसायला चार-पाचशे कड्या लागतात, म्हणून आम्ही निघायच्या आधी दोन रविवार सोलापुरातच एखाद्या साइटवर बसून कड्या वाकवतो. त्या वाया जात नाहीत, इथल्याच कामाला लागतात.

वाळू नदीची असते, त्यात अभ्रक चमकतं आणि गाळही असतो. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या बाराव्या हिश्शाहून जास्त असेल तर धुतल्याशिवाय वापरू नका. पाणी एका गोणीला २५ ते २८ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. दमलेली माणसं माल सैल व्हावा म्हणून गुपचूप आणखी एक तांब्या ओततात आणि ताकद तिथेच जाते. पाण्याच्या पिंपाजवळ एकच माणूस ठेवा. सिमेंट जमिनीपासून सहा इंच उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून फूटभर लांब रचा. डोंगरातल्या दवाने खालची गोणी आठवड्यात गाठी धरते.

पत्र्यात सगळे एक चूक करतात: जे-हूक किंवा स्क्रू खोलगट पन्हाळीत मारतात. पाणी तिथूनच वाहतं. तो उंचवट्यावर हवा, खाली डांबरी वॉशर, आणि दोन पत्र्यांची वरखाली चढण निदान सहा इंच.

तिकिटं काढताना शेवटच्या पट्टीची तारीख आधी ठरवा. ओतल्यापासून सात दिवस, आणि पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, सिमेंट असेल तर दहा दिवस, तिला पाणी लागतं. पाहुण्यांना आपल्यासमोर पट्टी पूर्ण झालेली बघायची असते, म्हणून ती निघायच्या आदल्या दिवशी घाईने ओतली जाते. मग पाणी मारायला कोणी उरत नाही, कारण घरच्यांना भातकापणी असते. पट्टी निघायच्या आठ दिवस आधी ओता, वर गोणपाट अंथरा, सकाळ-संध्याकाळ भिजवा. उरलेल्या दोन दिवसांसाठी पिंप काठोकाठ भरून ठेवा, आणि गोणपाट उचलायची तारीख कोळशाने दाराच्या चौकटीवर लिहून या.